आवारातली वाट

बागेची हौस असलेला मनुष्य बागेत जातो आणि ज्याला ती हौस नाही तो तिच्या वाटेलाही जात नाही. परंतु रुग्णालयाच्या आवारात जी बाग असते तिच्यात येणाऱ्यांपैकी एकालाही, आपण तिथे जावे असे घरून निघताना वाटलेले नसते. कोणाला डॉक्टरांनी ‘रोज चार फेऱ्या मारा’ म्हणून फर्मावलेले असते, कोणाला भेटीची वेळ संपल्यावर वॉर्डातल्या मावशींनी बाहेर काढलेले असते, कोणी तपासणीचा कागद हाती येईपर्यंतचा वेळ कुठे घालवावा हे न सुचून कट्ट्यावर टेकलेला असतो, आणि कोणी, आतल्या माणसासमोर डोळ्यांत पाणी आणायचे नाही असे ठरवून, कडुनिंबाच्या खोडाआड जाऊन उभा राहिलेला असतो. इतक्या नाखुशीने आलेल्या पाहुण्यांचे आदरातिथ्य जिच्यावर सोपवलेले आहे त्या बागेला शोभेच्या बागेचे माप लावून चालत नाही. आणि आपल्याकडे आज तिची जी दैना झालेली दिसते तिचे मूळ, ही बाग नेमकी कोणासाठी आहे हा प्रश्न कोणी विचारलाच नाही, यात आहे असे माझे मत आहे.

प्राचीनांनी तो विचारला होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात आतुरासाठी, म्हणजे रुग्णासाठी, घर कसे बांधावे याचा जो तपशील दिला आहे तो आजही एखाद्या वास्तुविशारदाने समोर भिंतीवर लावून ठेवावा इतका व्यवहारी आहे: घर भक्कम असावे, वाऱ्याचा झोत अंगावर येऊ नये पण एका बाजूने हवा खेळती राहावी, धूर, ऊन, पाणी आणि धूळ यांचा उपसर्ग पोचू नये, आणि हिंडण्याफिरण्यास सुख वाटेल एवढी ऐसपैस जागा असावी. याच यादीत पुढे गाणाऱ्यांची, गोष्टी सांगणाऱ्यांची आणि मर्जी ओळखून वागणाऱ्या सोबत्यांची तजवीज आहे, आणि त्यानंतर लावे, ससे व हरणे यांची. ही शेवटची नावे वाचून एखाद्या भाविकाच्या डोळ्यांसमोर तपोवन उभे राहील; परंतु एकंदर संदर्भ पाहता ही मंडळी दर्शनासाठी नसून पथ्याच्या मांसरसासाठी बाळगलेली असावीत, असे मला आपले वाटते. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात तर मनुष्यांची व जनावरांची चिकित्सा, जिथे नाहीत तिथे औषधी वनस्पती आणून लावणे, आणि रस्त्यांच्या कडेने झाडे व विहिरी, ही सर्व कामे एका दमात सांगितली आहेत. औषध, झाड आणि वाट एकाच खात्यात जमा धरणारा तो कारभार होता. पुढे खाती निरनिराळी झाली; वाट बांधकामाकडे गेली, झाड उद्यान विभागाकडे गेले, औषध भांडारपालाच्या कुलपात गेले, आणि या तिघांची गाठ पडण्यासाठी आता टिपणी फिरवावी लागते.

वाटेला रीतसर औषधाचा हुद्दा मिळाला तो एकोणिसाव्या शतकात, आणि तो मिळवून दिला क्षयाने. हेरमान ब्रेहमर नावाच्या जर्मन वैद्याने, क्षय पहिल्या अवस्थेत बरा होऊ शकतो असे प्रतिपादन करणारा प्रबंध लिहून, सायलेशियातील ग्योर्बर्सडॉर्फ या डोंगरी खेड्यात, जे आज पोलंडमध्ये मोडते, आपले आरोग्यधाम थाटले. क्षयरोग्याचे हृदय त्याच्या फुप्फुसांच्या मानाने लहान पडते, तेव्हा उंचावरच्या हवेत त्याला बेताबेताने चढ चढवला म्हणजे हृदयाला काम लागेल आणि रक्ताभिसरण सुधारेल, अशी त्याची उपपत्ती होती. म्हणून त्याने रानातून चढत्या वाटा काढल्या आणि दमलेल्याला टेकता यावे म्हणून त्यांवर बाके मांडली. उपपत्ती साफ चुकीची होती. वाटा मात्र उत्तम होत्या. गंमत अशी की ब्रेहमरचाच रुग्ण आणि नंतर त्याचाच सहायक झालेला पेटर डेटवायलर याने पुढे फाल्केनश्टाइन येथे स्वतःची संस्था काढली तेव्हा गुरूचा मार्ग सोडून रुग्णांना चालवण्याऐवजी दिवसभर उघड्या सज्जात आरामखुर्चीवर निजवून ठेवण्याचा शिरस्ता पाडला. आणि तिकडे इंग्लंडमध्ये, फ्रिम्ली येथील आरोग्यधामात, मार्कस पॅटरसन याने क्षयरोग्यांना प्रथम अर्धा मैल, मग वाढवत वाढवत दहा मैलांपर्यंत चालायला लावले, आणि तेवढे साधले म्हणजे मातीच्या टोपल्या व पुढे फावडी हाती दिली. एकच रोग, एकच हवा. कोणी निजवतो, कोणी चालवतो, कोणी खोदायला लावतो, आणि तिन्ही ठिकाणी काही रोगी बरे होतात व बरेच दगावतात.

हृदयविकाराच्या क्षेत्रात म्यूनिकच्या ओएर्टेल याने तर वाटांचे वर्गच पाडले. सपाट वाट कोणती, सौम्य चढाची कोणती, खड्या चढाची कोणती याच्या खुणा मार्गावर करून ठेवायच्या, आणि वैद्याने रुग्णाला अमुक वर्गाची वाट अमुक वेळ चालावी असे लिहून द्यायचे, ही त्याची पद्धत १८८५ च्या सुमारास प्रसृत झाली आणि मध्य युरोपातील आरोग्यस्थानांपासून कॉकेशसच्या पायथ्याच्या किस्लोवोद्स्कपर्यंत पसरली. वाट ही मात्रा झाली. पावलांचा हिशेब वहीत चढू लागला, आणि कोणत्या वळणावर कोणते फूल आहे याची वास्तपुस्त करणे हा वेळेचा अपव्यय ठरला.

या मोजमापी परंपरेत मला एकच माणूस असा भेटतो की ज्याने वाट आखताना वैद्याच्या वहीबरोबरच रुग्णाच्या पायांचा आणि डोळ्यांचाही विचार केला. फिनलंडमधील पाइमिओ येथे पाइन वृक्षांच्या अरण्यात आल्वार आल्टोने पत्नी आयनो हिच्या साहाय्याने बांधलेले क्षयाचे आरोग्यधाम १९३३ मध्ये सुरू झाले. निजलेल्या माणसाला दिवसभर छतच पाहायचे असते म्हणून छताला डोळे निववणारा हिरवा रंग, आणि शेजारच्याची झोप मोडू नये म्हणून पाण्याची धार आवाज न करता पडेल अशी हात धुण्याची भांडी, या त्याच्या युक्त्या वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतात. परंतु त्याने आवारात जी वाट आखली ती सरळ न नेता नागमोडी नेली आणि वळणांच्या कुशीत लहान लहान पाण्याची कुंडे ठेवली. सरळ रस्त्यावर दम लागणाऱ्या माणसाला टोक दिसते आणि ते दिसताच त्याचा धीर खचतो. वळणावळणाच्या वाटेवर त्याला फक्त पुढचे वळण गाठायचे असते, आणि तेवढे तर कोणालाही जमते.

आपल्याकडेही क्षयरोग्यांच्या नशिबी हवापालटच होता. सिमल्याच्या वाटेवरील धरमपूर १९०९ मध्ये, कुमाऊंतील भोवाली १९१२ मध्ये, मदनपल्लीजवळचे आरोग्यवरम १९१५ मध्ये, अशी आरोग्यधामे एकामागून एक उभी राहिली. आपल्या प्रांतात पाचगणीची हवा प्रसिद्धच होती. आणि १८९४ मध्ये मिरजेस रुग्णालय उभारणाऱ्या डॉ. विल्यम वानलेस यांचे नाव धारण करणारी वानलेसवाडी सांगली-मिरजेच्या मध्ये आजही आहे. भोवालीच्या त्या आरोग्यधामात १९३४-३५ मध्ये कमला नेहरू होत्या, आणि जवाहरलाल तेथून जवळच्या अलमोड्याच्या तुरुंगात. सरकारची परवानगी मिळेल तेव्हा पहाऱ्यात त्यांना पत्नीच्या भेटीस आणले जाई. आरोग्यधामाच्या इतिहासात रुग्णांची संख्या सापडते, वजने सापडतात, थुंकीचे अहवाल सापडतात. भेटीला आलेला माणूस त्या आवारात कुठे उभा राहिला, किती वेळ एकटा हिंडला, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. मला या प्रकरणात जे म्हणायचे आहे ते या नोंद न झालेल्या माणसापाशी येऊन थांबते.

परंतु त्याआधी वाटेचा हुद्दा कसा गेला ते सांगितले पाहिजे, कारण तो निकाल आपल्याच देशात लागला. स्ट्रेप्टोमायसिन, पॅस आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड अशी औषधे हाती आल्यावर, ही औषधे घेणाऱ्याला आरोग्यधामाची गरज उरते काय, असा प्रश्न निघाला. मद्रासमध्ये १९५६ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रात वॉलेस फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातील गरीब वस्तीतल्या १९३ क्षयरोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट पाडले. एक गट वर्षभर आरोग्यधामात राहिला. त्याला चांगले अन्न, विश्रांती, मोकळी हवा, दिमतीला परिचारिका. दुसरा आपापल्या कोंदट खोलीत, तुटपुंज्या अन्नावर, कुटुंबाच्या गर्दीत राहिला. औषधे दोघांना तीच. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा दोन्ही गटांत बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले, आणि घरी राहिलेल्यांमुळे घरच्यांना अधिक लागण झाली असेही दिसले नाही. जगभरच्या आरोग्यधामांना कुलपे लागण्यास जी कारणे झाली त्यांत या मद्रासच्या कागदाचा वाटा मोठा आहे. लाखो गरिबांना त्याने घर न सोडता बरे होण्याचा मार्ग मोकळा करून दिला, म्हणून त्याच्याविषयी माझ्या मनात निःसंदिग्ध कृतज्ञता आहे. मात्र शंभर वर्षे औषध म्हणून मिरवलेल्या वाटेची सनद त्या दिवशी रद्द झाली, हेही खरे.

सनद गेली की जमिनीवर डोळे जातात. ज्या बागेचा इलाजाशी संबंध नाही ती कारभाऱ्याच्या दृष्टीने मोकळी जागा होते, आणि मोकळ्या जागेवर आधी मोटारी उभ्या राहतात, मग यंत्राची शेड येते, मग नवी इमारत. उरते ते प्रवेशद्वारासमोरचे वर्तुळ: गेरू आणि चुन्याने रंगवलेल्या तिरप्या विटांचे कडे, मध्यभागी कोणा दात्याचा अर्धपुतळा, भोवती क्रोटनची झुडपे, साखळी, आणि ‘आत जाण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी. शहरांतील नव्या रुग्णालयांत हीच गोष्ट अधिक खर्चाने होते; तिथे काचेआड बांबू आणि गारगोट्या असतात आणि त्यांच्याकडे जाणारे दार नसते.

जिल्ह्याच्या गावातील एका जुन्या रुग्णालयात वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या निमित्ताने माझा मुक्काम पडला होता. मागच्या बाजूस, धुतलेल्या चादरी वाळत घालण्याच्या तारांपलीकडे, साहेबी अमदानीत आखलेली एक वाट अजून शिल्लक होती. दुतर्फा कडुनिंब, एक जुना पर्जन्यवृक्ष, मेंदीचे कुंपण, आणि मधे मधे जास्वंद. त्या वाटेवर एक म्हातारे शेतकरी आणि त्यांची कारभारीण सकाळ-संध्याकाळ दिसत. म्हाताऱ्यांना मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियेनंतर लघवीची पिशवी लावलेली होती, आणि ती चारचौघांत दिसू नये म्हणून बाईंनी लुगड्याच्या दुकानाच्या कापडी पिशवीत घालून ती पिशवी त्यांच्या हाती दिली होती. लांबून पाहणाऱ्याला वाटावे की गृहस्थ बाजारालाच निघाले आहेत. “अवं, बसा की जरा,” बाई म्हणत. “बसतू की. त्या लिंबापतुर जाऊन येतू, मग बसतू.” लिंबापर्यंत जाऊन ते पुढच्या लिंबाकडे पाहत. एकदा एका जास्वंदीपाशी ते थबकले, आणि खाली वाकता येत नव्हते म्हणून हातातल्या काठीने त्यांनी दाखवले: आळे एका बाजूने फुटले होते आणि दिलेले पाणी मुळाशी न मुरता वाटेवर वाहून चिखल होत होता. “माळीबुवा, त्या अंगानं बांध घाला. पानी समदं वाया चाललंय.” माळ्याने त्यांच्याकडे एकवार पाहिले आणि मुकाट्याने खुरपे घेतले. वॉर्डात सकाळपासून त्यांना कूस बदला, तोंड उघडा, कागदावर अंगठा करा, असे ज्याने त्याने सांगितले होते. या घटकेला सांगणारे ते होते आणि ऐकणारा दुसरा. त्यांच्या प्रकृतीला त्याचा किती उपयोग झाला हे मला सांगता येणार नाही. चेहऱ्यावर मात्र, केसपेपरावरच्या नावाचा मनुष्य जाऊन, सात-बाऱ्यावरच्या नावाचा मनुष्य परत आलेला मी पाहिला.

चालणे काही वैद्यकातून हद्दपार झालेले नाही. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उठवून चालवतात. फुप्फुसे आणि हृदय किती तग धरतात हे पाहण्यासाठी तीस मीटरांच्या सपाट पट्ट्यावर सहा मिनिटे येरझारा घालायला लावतात आणि अंतर लिहून घेतात. परंतु ते चालणे व्हरांड्यात होते, ट्यूबलाइटखाली, दोन खुणांच्या मध्ये. शरीराची परीक्षा तिथे उत्तम होते. तिथे वळायचे कुठे हे मात्र चालणाऱ्याला ठरवता येत नाही, आणि रुग्णाचा पहिला जो हक्क आजाराने हिरावून घेतलेला असतो तो हाच.

या हक्काची किंमत ज्यांनी मोजली त्यांत एक चित्रकार होता. व्हिन्सेंट व्हॅन गॉग १८८९ च्या मे महिन्यात आपण होऊन सें-रेमीच्या मनोरुग्णालयात दाखल झाला, आणि पहिले काही आठवडे त्याला आवाराबाहेर जाण्याची मुभा नव्हती. होती ती वाढलेले गवत, पाइन आणि मोडकळीस आलेली बाके असलेली एक दुर्लक्षित बाग. आयरिसची जी निळी फुले आज जगाला माहीत आहेत ती त्याने त्या पहिल्याच दिवसांत त्या बागेत रंगवली. दुसरा, न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क आखणाऱ्या दोघांपैकी एक, फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड. बॉस्टनजवळच्या मॅक्लीन या मनोरुग्णालयाला नवी जागा हवी होती तेव्हा ती निवडण्याच्या कामी त्याचा सल्ला घेतला होता. पुढे वृद्धापकाळी स्वतःची बुद्धी मंदावल्यावर १८९८ मध्ये त्याला त्याच जागी आणून ठेवले, आणि १९०३ मध्ये तो तिथेच वारला. इतरांसाठी वाटा आखणाऱ्या प्रत्येकाने हा दाखला उशाशी ठेवावा.

आता ज्या कारभाऱ्यांना चित्रकार आणि म्हातारे शेतकरी पुरावा म्हणून चालत नाहीत त्यांच्यासाठी एक आकडाही आहे. रॉजर उलरिक या संशोधकाने पेन्सिल्व्हेनियातील एका रुग्णालयातील जुन्या नोंदी काढून, पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या जोड्या लावल्या; जोडीतील एकाच्या खिडकीतून झाडे दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. १९८४ मध्ये त्याने जे प्रसिद्ध केले त्यात झाडांकडे पाहणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले आणि भिंतीकडे पाहणारे ८.७० दिवसांत, तीव्र वेदनाशामकेही पहिल्यांना कमी लागली. पाऊण दिवसाचा फरक. खाटेचा दर ज्यांना तोंडपाठ आहे त्यांना तो पटकन समजतो, आणि या कागदाच्या बळावर जगात बऱ्याच बागा झाल्या आहेत. मला स्वतःला हा पाऊण दिवस थोडा भीतिदायक वाटतो. कारण उद्या दुसऱ्या कोणी तो अर्धा दिवस ठरवला, अथवा शून्य ठरवला, तर मद्रासच्या निकालानंतर जे घडले तेच पुन्हा घडेल. रुग्णालयात रडायला आडोसा, थांबायला सावली आणि चालायला वाट लागते, ती लवकर बरे करते म्हणून लागत नाही. तशी पिण्याच्या पाण्याची टाकी तरी कोणता रोग बरा करते? आणि ज्याचा माणूस बरा होणार नाही असे आत नुकतेच सांगितले गेले आहे, त्याच्यासाठी तर बागेवाचून त्या साऱ्या आवारात दुसरे काहीच बांधलेले नसते.

म्हणून रुग्णालयांच्या विश्वस्तांना आणि सरकारी अभियंत्यांना एक नम्र अर्ज. पुतळ्याभोवतीची साखळी काढा. आहे त्या झाडांच्या सावलीतून एक वाट काढा. ती जिथून निघाली तिथेच वळून परत येऊ द्या, म्हणजे थकलेल्याला उलट फिरावे लागणार नाही. दोन माणसे आणि मधे एक चाकांची खुर्ची जाईल एवढी ती रुंद असावी, फरशा निसरड्या नसाव्यात, फटीत काठी अडकू नये, आणि चढ असलाच तर बारा फुटांना एका फुटाहून अधिक नसावा. बाके जवळजवळ ठेवा. दमलेल्या माणसाचे शंभर पावलांचे अंतर तुमच्या मैलाएवढे असते. बाकाला पाठ हवी आणि दोन्ही बाजूंना हातही हवेत, कारण पोटावर टाके असलेल्याला उठताना रेटा द्यायला काहीतरी लागते. एखादे बाक वाटेपासून जरा आत, झाडाआड असू द्या. रात्री दिवा ठेवा, कारण नातेवाइकांची पाळी रात्रीच असते. आणि ‘आत जाण्यास सक्त मनाई आहे’ ही पाटी उतरवून पाण्याच्या नळाकडे व शौचालयाकडे बाण दाखवणारी पाटी लावा. एवढ्याला लागणारा पैसा एका यंत्राच्या वार्षिक देखभालीच्या खर्चातून निघेल, आणि जागा दहा मोटारींची.